रोजगार गेला तेव्हा : विणकर समाजाच्या इतिहासातील तीन प्रसंग



स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा आम्हांस कळविण्यात आली. समाजाचा इतिहास म्हटला म्हणजे मूळ गाव, कुलदैवत, गोत्रे आणि नामांकित पुरुष यांची माहिती देण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ती माहिती मोलाची खरी. परंतु ज्या धंद्यावरून आपल्याला विणकर हे नाव पडले तो धंदा हातून कसा गेला, त्यानंतर जो दुसरा रोजगार मिळाला तोही कसा गेला, आणि त्या दिवसांत वाडवडिलांनी संसार कसे सावरले, याविषयी आपण फारसे बोलत नाही. यंदा त्याच विषयावर लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

यास कारणही तसेच आहे. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेली कितीतरी माणसे गावी परतली. ते संकट ओसरते न ओसरते तोच २०२२ पासून संगणकाच्या व्यवसायात जगभर नोकरकपातीची लाट आली. ज्या नोकऱ्या आपण सर्वांत सुरक्षित समजत होतो त्याच अकस्मात संपू लागल्या. आमचे हिंगणी हे बोर अभयारण्याच्या वाटेवरचे लहानसे गाव. पण येथेही ती झळ पोहोचली आहे. मुलगा घरी येऊन महिनोन्महिने राहतो, आणि कोणी विचारले तर 'रजेवर आला आहे', 'घरूनच काम चालते' असे सांगण्यात येते. आईबाप आप्तांकडील लग्नकार्याला जाणे टाळतात. चोरी केल्यासारखी ही लपवाछपवी पाहून आम्हांस वाईट वाटते.

वस्तुतः रोजगार जाणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या वर्धा-नागपूर भागात ती मोठ्या प्रमाणावर तीन वेळा घडली, आणि तिन्ही वेळा तिचे कारण काम करणाराच्या घराबाहेर, पुष्कळदा समुद्रापलीकडे होते. हे एकदा नीट ध्यानात आले म्हणजे आज घरी बसलेल्या मुलाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलेल, अशी आमची खात्री आहे.

पहिला प्रसंग : रहाट आणि माग

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते. पुढे १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या वस्तीच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. हिंगणघाटचा कापूस त्या काळी दूरवर नावाजलेला होता. त्यातच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या थांबल्या आणि तेथील हजारो कामगार घरी बसले. आपल्याकडे मात्र कापसाचा भाव एकाएकी चढला. एकाच घटनेने तेथील कामगाराची चूल विझली आणि येथील कापूस-व्यापाऱ्याची तिजोरी भरली. यात त्या कामगाराचा दोष काय आणि या व्यापाऱ्याची कर्तबगारी काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत आला. त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडात रिव्हेट-कार्नाक नावाचे कापूस-आयुक्त नेमलेले होते. आगगाडीमुळे विलायती कापड येथे स्वस्त येईल, ते देशी कापडास मागे टाकील, येथे सुतात खपणारा कापूस मग निर्यातीस मोकळा होईल, आणि कातणे-विणणे करणारी माणसे शेतमजुरीस उपलब्ध होतील, अशी अपेक्षा त्यांनी सरकारी अहवालात उघडपणे मांडली होती. आपल्या पणजोबांचा धंदा बसला तो त्यांच्या आळसामुळे किंवा अडाणीपणामुळे, असे ज्यांस वाटते त्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. एका विणकराने काय करावे अथवा करू नये, याने या योजनेत काडीचा फरक पडणार नव्हता.

या उलथापालथीत पहिला घाव बसला तो बायकांवर. घरोघरी रहाटावर सूत कातणाऱ्या स्त्रिया सर्व जातींत होत्या. विधवांना तर तोच आधार होता. यंत्राचे सूत बाजारात आले आणि त्यांचे काम हळूहळू संपले. परंतु त्यांस कोणी 'बेकार' म्हटले नाही, कारण त्यांच्या कामाची नोंद रोजगार म्हणून झालीच नव्हती. ज्याचे काम मोजले जात नाही त्याचे काम सर्वांआधी जाते आणि गेल्याचे कोणास कळतही नाही. हा अनुभव पुढील दोन्ही प्रसंगांत पुन्हा आला.

विणकर त्यामानाने अधिक काळ तगला. सूत गिरणीचे घेऊन विणकाम हातमागावर, अशी तडजोड त्याने केली. नागपूर, उमरेड, पवनी इकडील रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी यंत्राला तशी साधत नव्हती; म्हणून आपल्या कोष्टी कारागिरांचा बारीक माल काही काळ टिकला. जाडेभरडे कापड विणणाऱ्या महार विणकरांचा मालही टिकाऊपणामुळे खेड्यात खपत राहिला. पण मजुरी उतरत गेली. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. दुष्काळात धान्य महागते आणि कापड कोणी घेत नाही. त्यामुळे विणकर दोन्हीकडून चेपला जातो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या हाताला पुन्हा बारीक सूत जुळवता येत नाही, तेव्हा विणकराला त्याच्याच धंद्यात मदत द्यावी, हा विचार त्या काळच्या दुष्काळ-आयोगांपुढेही आला होता. माणसाला भाकरी देताना त्याच्या हातचे कसब वाचविले पाहिजे, हे तत्त्व तेव्हाही समजणारे लोक होते.

दुसरा प्रसंग : गिरणीचा भोंगा आणि मंदी

१ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि कापडाला गिऱ्हाईकही जवळ, असा हिशेब करून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले होते. पुढे हिंगणघाट आणि पुलगाव येथेही गिरण्या निघाल्या. ज्या यंत्राने माग बसविला त्याच यंत्रावर विणकराची मुले जाऊन उभी राहिली. घरच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणारा माणूस आता पाळीच्या भोंग्यावर उठू लागला. प्रारंभी हे कमीपणाचे वाटले असेल. परंतु एक-दोन पिढ्यांत 'गिरणीत आहे' हे शब्द सोयरीक जमविताना अभिमानाने उच्चारले जाऊ लागले. एम्प्रेस मिलने १९०१ मध्ये कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधी सुरू केला. असा निधी त्या काळी देशात विरळाच होता.

१९२९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली मंदी आपल्याकडे आली ती कापसाच्या भावातून. भाव कोसळला, शेतकरी कर्जात बुडाला, आणि शेतकरी कापड घेईना म्हणून विणकरही बसला. कर्जाचा प्रश्न इतका विकोपास गेला की मध्य प्रांत सरकारला १९३३ मध्ये ऋणसमेटीचा कायदा करावा लागला. सावकार आणि ऋणको यांना मंडळासमोर बसवून कर्जाची रक्कम तडजोडीने ठरवावी, असा त्याचा आशय होता. लाखो माणसे एकाच वेळी कर्ज फेडू शकत नाहीत तेव्हा तो त्यांच्या चारित्र्याचा प्रश्न राहत नाही, हे सरकारनेही यातून मान्य केले.

याच मंदीच्या काळात आपल्या वर्ध्यात एक मोठा प्रयोग झाला. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यास आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले आणि मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन अशी कामे सुरू झाली. चरखा संघ १९२५ पासूनच चालू होता. १९३५ मध्ये त्या संघापुढे एक अवघड प्रश्न आला. कातणारणीला मिळणारी मजुरी इतकी अल्प होती की तिच्यात एका जिवाचेही पोट भरत नसे. आठ तासांच्या कामाला आठ आणे पडावेत, अशी गांधीजींची अपेक्षा होती. तितके देणे संघास जमले नाही, परंतु मजुरी वाढविण्यात आली आणि खादी महाग झाली तरी चालेल असे ठरले. खादीने सर्वांची बेकारी दूर केली असे कोणी म्हणू नये. बहुतेकांना ते जोडकामच होते. पण काम गेलेल्या माणसाला दया दाखविण्याऐवजी काम द्यावे आणि त्या कामाला जगण्यापुरते मोल द्यावे, हा विचार आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्ष आचरणात आला, याचा आपल्याला अभिमान असावा.

तिसरा प्रसंग : गिरण्यांना कुलपे

स्वातंत्र्यानंतर गिरण्यांची यंत्रे जुनी होत गेली. मालकांनी नफ्यातून नवी यंत्रे घालण्याऐवजी पैसा पुष्कळदा अन्यत्र वळविला. दुसरीकडे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर कमी मजुरीत कापड निघू लागले आणि कृत्रिम धाग्याच्या कापडाने सुती कापडाची जागा घेतली. १९७४ मध्ये केंद्र सरकारने अनेक आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे घेतल्या. त्यांत नागपूरची मॉडेल मिल आणि हिंगणघाटची बन्सीलाल अबीरचंद मिल याही होत्या. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो विधिवत मागे घेण्यात आलाच नाही. मात्र हजारो घरांचा रोजगार त्यात कायमचा गेला. नागपूरची एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. सव्वाशे वर्षे जुना भोंगा बंद पडला.

त्या वर्षांत आम्ही प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. नागपुरातून वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन काही मुले आमच्या वर्गात आली. प्रवेश नोंदवताना 'पालकाचा व्यवसाय' हा रकाना भरावा लागे. गिरणी बंद होऊन वर्ष उलटले तरी वडील खालच्या आवाजात सांगत, "लिहा गुरुजी, गिरणी कामगार." एकाने मात्र थोडा वेळ थांबून म्हटले, "काहीच लिहू नका." शेजारी त्याची पत्नी उभी होती. ती नागपुरात असल्यापासून शिवणकाम करीत होती आणि त्या वेळी घर तिच्याच मिळकतीवर चालले होते. परंतु तिचा व्यवसाय लिहावा असे त्या दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. रहाटावरच्या बाईची नोंद १८७० मध्ये झाली नव्हती, शिलाईयंत्रावरच्या बाईची शंभर वर्षांनंतरही झाली नाही.

परगावचा एक दाखला

बेकारीने माणसाचे काय होते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास ऑस्ट्रिया देशात झाला. व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल नावाचे खेडे होते. सारे गाव एका कापड-गिरणीवर जगत असे. मंदीत ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सर्व गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी तेथील माणसांचे दिवस कसे जातात हे बारकाईने टिपले आणि १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते मोठे विचार करण्याजोगे आहे. लोकांकडे वेळ भरपूर होता, तरी गावच्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, वाटेत पुन्हा पुन्हा थांबू लागले. बहुतेकांनी घड्याळ बाळगणे सोडले. स्त्रिया मात्र पूर्वीप्रमाणेच लगबगीने चालत, कारण घरचे काम कोणी बंद केले नव्हते. अशा स्थितीत माणसे चिडून उठतील अशी पुष्कळांची समजूत होती. प्रत्यक्षात ती हळूहळू गप्प आणि उदास होत गेली.

याचा अर्थ असा की रोजगार जातो तेव्हा पगाराबरोबर दिवसाचा क्रम, चार माणसांतील वावर आणि 'मी कोणाच्या उपयोगाचा आहे' ही भावना या तिन्ही गोष्टी जातात. पगाराची भरपाई कदाचित उशिरा होईल. परंतु या तीन गोष्टी घर आणि समाज मिळून दुसऱ्याच दिवसापासून देऊ शकतात.

कायद्याने काय दिले

१९५३ मध्ये कापड-गिरण्यांत माल साठून पडला आणि कामगारांना घरी बसविण्यात येऊ लागले. तेव्हा केंद्र सरकारने प्रथम वटहुकूम काढून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात भर घातली. तात्पुरते घरी बसविल्यास मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम, आणि कायमचे कमी केल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, असे त्यात ठरले. तथापि घरी बसविल्याच्या भरपाईतून 'बदली' कामगार वगळण्यात आला. ज्याची मोजदाद नाही तो येथेही बाहेरच राहिला. कमी केलेल्या कामगाराच्या भरपाईचे हे पंधरा दिवसांचे प्रमाण २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवण्यात आले आहे.

महाराष्ट्राने याहून पुढचे पाऊल टाकले. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामी आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. २००५ मध्ये देशाने याच धर्तीवर कायदा केला. बेकार माणूस हात पसरण्याऐवजी हक्काने काम मागतो, ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीत रुजली आहे.

या इतिहासातून घ्यावयाचा बोध

तिन्ही प्रसंगांत जी घरे सावरली त्यांच्यात काही गोष्टी समान दिसतात. त्या आम्ही येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी लपविले नाही. ज्या घरात नोकरी गेल्याचे पहिल्या आठवड्यात सर्वांना, मुलांनाही, सांगितले गेले तेथे खर्च वेळीच आखडला. जेथे झाकून ठेवले तेथे पूर्वीचाच थाट चालवण्यासाठी कर्ज झाले. नोकरी गेल्याने बसणाऱ्या धक्क्यापेक्षा ते कर्ज फेडणे पुष्कळांना जड गेले.

दुसरी गोष्ट कागदांची. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक ज्याने जपून ठेवला त्याला आपले देणे मागता आले. आजच्या तरुणांनी एक विशेष ध्यानात ठेवावे. पुष्कळ ठिकाणी माणसाला कमी न करता त्याच्याकडूनच राजीनामा लिहून घेतला जातो. स्वखुशीचा राजीनामा दिला म्हणजे कमी केल्याची भरपाई मागता येत नाही. म्हणून दडपणाखाली त्याच दिवशी सही करू नये. एक दिवस मागून घ्यावा व जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा. कायद्याच्या व्याख्येत आपण कामगार ठरतो की नाही, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट हाती आलेल्या रकमेची. गिरणीतून एकरकमी पैसा मिळालेल्या कित्येकांनी तो पहिल्याच वर्षी लग्नकार्यात आणि घराच्या दुरुस्तीत घातला, आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या घरात दळणाचीही ओढ पडली. ज्यांनी ती रक्कम महिन्यांत वाटून पगारासारखी वापरली त्यांना नवे काम शोधण्यास अवधी मिळाला.

चौथी गोष्ट, हलके काम करण्याची लाज त्यांनी धरली नाही. साचा चालविणारे हात भाजीची पाटी उचलू शकले म्हणूनच पुढची पिढी शाळेत टिकली. मात्र नवे काम करीत असताना जुने कसबही त्यांनी पुसून टाकले नाही.

आता समाजाचे कर्तव्य. आपल्या वधूवर परिचय पुस्तिकेत मुलाच्या नावापुढे 'नोकरी' आणि 'वार्षिक उत्पन्न' हे रकाने असतात. ते रिकामे राहिले की त्या मुलाचे पान उलटले जाते, हे आपण सर्व जाणतो. त्या भीतीनेच घरोघरी खोटे बोलले जाते. आमची मंडळास नम्र सूचना अशी की 'शिक्षण व अवगत काम' असा रकाना प्रथम असावा आणि उत्पन्नाचा रकाना काढून टाकावा. तसेच शिक्षण-निधीतून ज्या घरचा रोजगार त्या वर्षी गेला असेल त्या घरच्या मुलांची फी, नाव प्रसिद्ध न करता, एक वर्ष भरावी. सत्कार-समारंभाचा खर्च थोडा कमी केला तर हे अशक्य नाही. आणि जेथे आपले समाजभवन आहे तेथे सकाळी वाचनाची खोली उघडी ठेवावी. कायदा, बँक आणि नोकरभरती यांची माहिती असणाऱ्या दोन-तीन सेवानिवृत्तांनी तेथे आळीपाळीने बसावे. घरी बसलेल्या तरुणाला सकाळी उठून जाण्यास एक जागा मिळेल आणि आम्हां वृद्धांचाही वेळ सत्कारणी लागेल. हिंगणीपुरती ही जबाबदारी घेण्यास आम्ही सिद्ध आहोत.

शेवटी एवढेच म्हणावयाचे आहे. विणताना ताण्याचा धागा तुटला तर विणकर धाग्याला दोष देत नाही आणि ताणाही फेकून देत नाही. माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुढे विणू लागतो. आपल्या घरातील एखाद्याचा रोजगार तुटला तर तीच रीत आपण पाळावी. वाडवडिलांनी दीडशे वर्षे हेच केले, म्हणूनच आज ही स्मरणिका काढण्याइतका आपला समाज उभा आहे.

इत्यलम्.

— एक निवृत्त शिक्षक
हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा